देखाव्यातला चिनी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू येऊन पडले की माझं डोकं फिरायला लागतं. श्रावण संपत आलेला असतो. गगनबावड्याकडून ढग येतात, झोडपून जातात, मग ओल्या डांबरातून वाफ निघते आणि त्या वाफेत ताडपत्री, सुतळी, गंजके पत्रे यांचा कुबट वास मिसळतो. नुकताच झालेला रस्ता पोरं पहारीनं फोडतात. संध्याकाळी ढोलाचा सराव सुरू झाला की कपाटातल्या बशा आपोआप किणकिणतात. लोक म्हणतात, कसं उत्साहाचं वातावरण आहे! असेल. गणपतीशी माझं काही वाकडं नाही. तो बिचारा येतो, बसतो, जातो. माझं वाकडं आहे ते मंडळाशी, आणि त्याहून जास्त मंडळाच्या माईकशी.

परवा सर्जेराव भावजी आले. सर्जेराव म्हणजे माझे धाकटे दीर, मंडळाचे अध्यक्ष. उचगावला त्यांचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. सोबत त्यांची बायको शोभा होती, रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन. लाडू आले म्हणजे काहीतरी मागणी आहे हे मी ओळखलं. भावजी ऐसपैस बसले आणि म्हणाले,

"वहिनी, यंदा इषय लई भारी काढलाय. अमेरिकेला घेतलंय."

"कशात?"

"देखाव्यात की. लई माज आलाय त्यास्नी. आमच्या मालावर कर लावत्यात व्हय?"

त्यांच्याकडचे पार्ट एका मोठ्या कारखान्यामार्फत अमेरिकेला जातात. तिकडे आयातकर वाढला, इकडे ऑर्डरी आटल्या, कामावरची माणसं घरी बसवावी लागली. राग खरा आहे, तो मला समजतो. पण भावजींचा राग वर्कशॉपात मावत नाही. तो मांडवात येतो, आणि मांडवात आला की त्याला समोर उभा करायला माणूस लागतो. मी चहा टाकायला आत गेले. तिथं बसून राहिले असते तर तोंडातून नको ते गेलं असतं.

आधण उकळेपर्यंत मला तो जुना गणेशोत्सव आठवत राहिला.

कोरोनाचे निर्बंध उठल्यानंतरचा तो पहिलाच. घरात कोंडलेली सगळी पेठ रस्त्यावर आली होती. त्याआधी लडाखच्या सीमेवर चिन्यांशी झटापट होऊन आपले जवान गेले होते आणि ती जखम अजून ओली होती. चौकात चिनी खेळणी जाळून झाली होती, मोबाइलवर शपथा घेऊन झाल्या होत्या. मग मंडळानं ठरवलं, यंदा सजीव देखावा सीमेवरचा. सजीव देखावा म्हणजे आमच्याकडचं छोटंसं नाटक. आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो, स्टेजवरच्यांनी फक्त तोंड हलवायचं आणि हातपाय चालवायचे. गौरी गेल्या की देखावे खुले होतात. एकच नाटक संध्याकाळभर पुन्हा पुन्हा चालतं आणि मुरगूड-कागलकडून टेम्पो भरभरून आलेली माणसं ते उभ्यानं बघतात.

भारतीय जवान व्हायला पोरांची झुंबड उडाली. चिनी व्हायला मात्र कुणी तयार होईना.

त्याला कारण आहे. आमच्या पेठेत देखाव्यातली भूमिका मांडवाबरोबर उतरत नाही. एक गृहस्थ पूर्वी कधीतरी शाहिस्तेखान झाले होते. आता त्यांना नातवंडं झाली, तरी मंडईत त्यांना अजून कुणी ना कुणी विचारतंच, "बोटं शाबूत हायत न्हवं?" कंस झालेल्या एकाच्या बायकोला सगळी गल्ली कंसाची म्हणून ओळखते, तिचं खरं नाव मलाही ठाऊक नाही. तेव्हा चिनी कोण होणार? भावजींचा यशराज अंगानं उंच, गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा. त्या डोळ्यांचं घरात केवढं कौतुक! लहानपणी त्याला लाडानं इंग्रज म्हणायचे. चिन्यांचा कमांडर उंच असला तर मारताना शोभेल म्हणून भावजींच्या घरी भरलेल्या बैठकीत कुणीतरी त्याचं नाव काढलं, तशी शोभा हातात लाटणं घेऊन बाहेर आली.

"माझ्या पोराला न्हाय हं! जन्मभर चिनी म्हणतील त्याला."

अध्यक्षांची बायको बोलल्यावर विषय संपला. सगळ्यांची नजर मग आपोआप कोपऱ्यावरच्या गाडीकडे गेली.

त्या गाडीवर टेकबहादूर उभा असायचा. नेपाळचा, ठेंगणा, मिचमिच्या डोळ्यांचा, हसला की ते डोळे नाहीसेच व्हायचे. कोल्हापुरात येऊन त्याला इतकी वर्षं झाली होती की तो गिऱ्हाइकाला "या पावणं, बसा की" म्हणायचा. त्याची चायनीजची गाडी. कढईखाली जाळ भडकला की लसूण, कोबी आणि काळ्या सॉसचा झणझणीत भपका थेट आमच्या जिन्यापर्यंत यायचा. त्याच्या चटणीत मिरची अशी असायची की चीनमधल्या माणसानं ती खाल्ली असती तर जीभ बाहेर काढून पळत सुटला असता. पेठेतल्या पोरांचे वाढदिवस, मॅच जिंकल्यावरच्या पार्ट्या, माझ्या घरी अचानक पाहुणे आले तर आयत्या वेळचा भात, सगळं त्या कढईतून निघायचं. गाडीवर पूर्वी 'न्यू बीजिंग चायनीज' अशी पाटी होती. खेळणी जाळली त्या आठवड्यात पोरांनी ती बदलायला लावली. मग तिथं 'जय महाराष्ट्र चायनीज' आलं. टेकबहादूरनं स्वतःच खुर्चीवर चढून ती ठोकली आणि खाली उतरून म्हणाला, "मंचुरियन तेच हाय बरं का."

अशा माणसाला मंडळानं चिन्यांचा कमांडर केला.

मी भावजींना तेव्हाच सांगितलं होतं, तो चिनी नाही, नेपाळी आहे. त्याचा चुलता आपल्या गुरखा पलटणीत होता, त्याला अजून आपल्या सरकारची पेन्शन जाते. भावजी म्हणाले, "ते कुठं दिसतंय वहिनी स्टेजवर? तोंड बघा की त्याचं." मी टेकबहादूरलाही म्हटलं, तू नाही म्हण. त्यानं कढईतला भात उलथला, वर बघितलं नाही. "म्याडम, गाडी ह्येंच्या कोपऱ्यावर लावतो. न्हाय कसं म्हणू? मार खायाचा हाय न्हवं? हळू मारा म्हणावं तेवढं."

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. आशियातली सत्तास्पर्धा हा पेपर कायम माझ्याच गळ्यात. फळ्यावर मी नकाशा काढायचे. वर चीन, खाली आपण, समुद्रापलीकडून हात घालणारी अमेरिका, तिच्याशी कधी गळ्यात गळा तर कधी रुसवा, आणि मधल्या फटीत चेंगरून बसलेले लहान देश. एकानं रस्ता बांधून दिला की दुसऱ्याच्या कपाळाला आठी. एकाशी हसलं की दुसरा सीमेवरचे ट्रक अडवतो. मुलांना वाटायचं, दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो, कारण म्हण तशी आहे. मी तरी असा तिसरा अजून पाहिलेला नाही. मला दुसरीच म्हण खरी वाटते, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. मुलं ती उतरवून घ्यायची आणि पेपरात चुकीच्या प्रश्नाला लिहून यायची.

आमच्या पेठेत तरी वेगळं काय आहे? दोन मोठी मंडळं, दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. अधली-मधली बारकी मंडळं कधी याच्या मिरवणुकीत नाचतात, कधी त्याच्या. यानं स्पीकरची भिंत उभी केली की त्यानं त्याहून उंच करायची, मग भले म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड होवो. त्या वर्षी समोरच्या मंडळानंही सीमेचाच देखावा केला होता. त्यांच्याकडे चिनी म्हणून कापडाचे बाहुले होते. आमच्याकडे जिवंत माणूस होता. साहजिकच गर्दी आमच्याकडे.

तो हिमालय मला अजून दिसतो. बांबूवर गोणपाट ताणून त्यावर चुना मारला होता, कडेनं कापूस चिकटवला होता. पाऊस ताडपत्रीतून आत यायचा आणि चुना ओघळून टेकबहादूरच्या तोंडावर पडायचा. डोक्यावर सोनेरी कागदाची चांदणी लावलेली टोपी, वरच्या ओठावर चिकटवलेली पातळ मिशी, अंगात भाड्यानं आणलेला हवालदाराचा जुना डगला. स्पीकरमधून घोगरा आवाज गरजायचा, "हा पाहा कपटी शत्रू!" आणि तो निमूट पुढं यायचा. मग आमच्या गल्लीतली पोरं त्याच्यावर तुटून पडायची. सुरुवातीला लाठ्यांना गादीचा स्पंज गुंडाळलेला होता. हळूहळू तो फाटला. पुन्हा कुणी गुंडाळला नाही. प्रेक्षकांतून शिट्ट्या यायच्या, "हाण! आजून हाण!" पुढं उभ्या असलेल्या बायका कडेवरच्या लेकरांना त्याच्याकडे बोट करून दाखवायच्या, तो बघ चिनी. पडदा पडला की तो उठायचा, मिशी काढून खिशात ठेवायचा आणि पुढच्या खेळाला परत लावायचा. एकदा मी स्टेजमागं त्याला गरम पाणी द्यायला गेले तर पाठीवर वळ होते. मी भावजींना तिथंच हाक मारून ते दाखवले. ते म्हणाले, "पोरं जरा रंगात येत्यात वहिनी. सांगतो त्यास्नी." सांगितलं असेल, पण दुसऱ्या दिवशीचे वळही मी पाहिले.

देखाव्याला पहिलं बक्षीस मिळालं. भावजींनी मांडवातल्या माईकवर सगळ्यांची नावं घेतली. वीजवाल्याचं घेतलं, चुना मारणाऱ्याचं घेतलं. टेकबहादूरच्या नावाच्या जागी म्हटलं, "आणि आपला चिनी!" सगळी गर्दी हसली. तोही हसला, नेहमीसारखा, डोळे नाहीसे करून.

मांडव उतरला. त्याचं नाव उतरलं नाही. आधी त्याला बहादूर म्हणणारे आता "ए चिन्या" म्हणायला लागले. लाडानंच म्हणत होते, असं भावजी सांगतात. लाडानं दिलेली शिवी वाऱ्यावर किती लांब जाते हे त्यांना थंडीत कळायला हवं होतं. सीमेवर पुन्हा धक्काबुक्की झाल्याची बातमी आली आणि त्याच संध्याकाळी कुठल्या तरी भलत्याच पेठेतली पोरं मोटारसायकलींवरून आली. "ह्योच त्यो देखाव्यातला," एवढंच म्हणाली. गाडी उलथली. पेटती शेगडी, कढई, उकळतं तेल सगळं रस्त्यावर. तेल त्याच्या पायावर सांडलं. मी जिन्यावरून ओरडत खाली धावले. आमच्या मंडळाची पोरं कट्ट्यावर बसली होती. ज्यांनी त्याच्या हातचं खाऊन वाढदिवस केले, ज्यांनी स्टेजवर त्याला बडवला, ती सगळी. एकही उठला नाही. उठून काय म्हणणार होते? हा आमचा चिनी आहे, याला फक्त आम्ही मारायचं?

मीच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पायाला पट्टी बांधत असताना त्यानं मला एकच गोष्ट मागितली. भरपाई नाही, पोलीस नाही.

"म्याडम, अध्यक्षास्नी सांगा, माईकवरनं एकदा बोलाय लावा. मी चिनी न्हाय म्हणून. तिथनंच सगळ्यास्नी कळलंय, तिथनंच सांगाय पायजे. मग मी गाडी लावतो पुन्हा."

मला ते अगदी बरोबर वाटलं. ज्या भोंग्यातून गावभर खोटं गेलं, त्याच भोंग्यातून खरं जायला हवं. मी त्याच पावली भावजींकडे गेले. ते जेवत होते. म्हणाले, "वहिनी, माईक गणपतीचा हाय. त्याच्यावर असलं काय सांगायचं नसतंय." मी म्हटलं, त्याच माईकवर तुम्ही हरवलेल्या चपला सांगता, गाडी काढा म्हणून सांगता, कुणाच्या तरी साहेबांचा वाढदिवस सांगता. त्यांनी भाकरी मोडली. मग खरं काय ते बोलले. "आन् बक्षीस मिळालंय आपल्याला. आता त्यो चिनी न्हवताच म्हटलं तर समोरचं मंडळ काय म्हणंल?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे ऐकून होते. इथं तर आपल्याच बाब्याला कार्टं ठरवून त्यावर बक्षीस घेतलं होतं.

टेकबहादूर वाट बघत राहिला. पाय बरा झाल्यावर एक दिवस गाडीवर ताडपत्री बांधून निघून गेला. जाताना मला चटणीची बरणी देऊन गेला. ती गाडी आता मंडळाकडे आहे. गणपतीत तिच्यावर प्रसादाची पातेली ठेवतात.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा भावजी पेपर उघडून बसले होते. पहिल्या पानावर आपले आणि चीनचे पुढारी हसत हात मिळवताना. त्यांनी त्या फोटोवर बोट ठेवलं.

"ह्ये बघा. शेवटाला आपण आन् चीन हात मिळवतोय आन् अमेरिका बाजूला जळतीया, असा शीन हाय. तुमच्याकडं टेकचा नंबर आसंल न्हवं? बोलवा की त्याला. जाण्या-येण्याचं मंडळ बघंल. यंदा मार न्हाय, नुसता हात मिळवायचाय."

मला हसू आलं नाही. गरज सरो वैद्य मरो हे माहीत होतं, पण मेलेल्या वैद्याला पुन्हा बोलावणं पाठवणारे मी पहिल्यांदा पाहत होते. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

टेकबहादूर हल्ली त्याच्या गावाकडं असतो. डोंगरात एक चिनी कंपनी रस्ता करते आहे, तिच्या माणसांचा तो स्वयंपाकी आहे. मधूनमधून फोन करतो. ती माणसं त्याच्या हातचं तिखट खाऊन घाम पुसतात आणि त्याला इंडियावाला म्हणतात, असं त्यानं मला मागं सांगितलं होतं.

"नमस्ते म्याडम."

"टेक, आरं मी अध्यक्ष बोलतोय. वळाकलंस का?"

"आवाज इसरंन व्हय अध्यक्ष."

भावजींनी सगळा देखावा त्याला रंगवून सांगितला. पलीकडं मोठ्या पातेल्यात डाव फिरत होता, तो आवाज येत होता. सांगून संपल्यावर टेकबहादूर म्हणाला, "येतो की. पर आधी माईकवरनं सांगा, मी चिनी न्हाय. मग येतो."

भावजी हसले, अगदी मोकळेपणानं. "आरं खुळ्या, त्ये सांगितलं तर मग हात कुणासंगं मिळवायचा?"

डाव थांबला. मग तो शांतपणे म्हणाला, "बरं. अमेरिका कोण होणार हाय?"

"बघतोय आजून."

"यशराज हाय की. गोरा हाय, घारा हाय. शोभंल त्याला."

"माझ्या पोराला न्हाय हं!" शोभा ताडकन उठली. "जन्मभर त्याला..."

 तिनं माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. भावजी पेपराची घडी घालायला लागले, तीच घडी पुन्हा पुन्हा.

"व्हय वैनी," टेकबहादूर म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. आईला वाटणारच. ठेवतो आता, जेवायला मानसं आल्यात." आणि फोन बंद झाला.

चहा तसाच राहिला. लाडवांचा डबा शोभा परत घेऊन गेली, बहुधा चुकून.

काल कळलं की देखाव्याचा विषय बदलला. यंदा पौराणिक. राक्षस कुणाला करायचा यावर बैठका चालू आहेत. बाहेर पाऊस लागला आहे आणि मांडवात कुणीतरी माईक तपासतं आहे, हॅलो, हॅलो, वन टू थ्री. त्या आवाजानं आज मला राग येत नाही. यंदा मी कॉलेजातून निवृत्त झाले म्हणून मंडळानं पाचव्या दिवशीच्या आरतीचा मान मला दिला आहे. हे देखाव्याची भानगड निघण्याआधीच ठरलं होतं आणि पत्रिकाही छापून झाल्या आहेत, त्यामुळे आता काढून घेता येत नाही. आरती झाली की दोन शब्द बोलायला माईक माझ्या हातात येईल. दोन शब्दांत भागणार नाही. मी म्हणणार आहे, टेकबहादूर थापा चिनी नव्हता. आणि असता, तरी त्याची गाडी उलथायचा तुम्हाला काही अधिकार नव्हता.